दाजींची हॅलो ट्यून

माझ्या वडिलांनी माझ्या मामाची लेखी माफी मागितली. तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून.

तर असं काही झालेलं नाही. आमच्या घरात ते तसं ठरलेलं आहे, आणि ठरलं तेव्हा मी हजर होतो. त्यामुळे न झालेल्या गोष्टीत तुमचा वेळ घालवत नाही. ताईच्या लग्नाच्या आठवड्यात जे खरोखर झालं तेवढंच सांगतो.

बुधवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मोबाइल वाजला. वेळ मला पाठ आहे, कारण अप्पांनी ती डायरीत लिहिली. मोबाइल पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरात, टेबलावर स्टीलच्या पेल्याला टेकवून उभा केलेला होता आणि अप्पा त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसले होते. दोन रिंगा झाल्या आणि फोन गप्प झाला.

"भानुदास," अप्पा म्हणाले. "चौथा."

"मग उचलायचा की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पाचव्या रिंगेला उचलणार होतो."

अप्पा फोन नेहमी पाचव्या रिंगेला उचलत. सरकारी माणसाने पहिल्याच रिंगेला फोन उचलला तर त्याला काही काम नाही असा जनतेचा समज होतो, असं त्यांचं मत होतं.

"मग आता तुम्ही लावा."

"त्याला बोलायचं असतं तर त्याने वाजू दिला असता. हा मिस्ड कॉल आहे. म्हणजे मेव्हण्याने दोन रिंगा द्यायच्या आणि मी धावत सुटायचं. अकरा वर्षांनी बोलायला निघाला, तोसुद्धा असा."

सन दोन हजार नऊ. मिस्ड कॉल ही तेव्हा आमच्या तालुक्याची दुसरी बोलीभाषा होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे बाहेर ये, तीन म्हणजे तुझा बाप घरात आहे का. आमच्या घरात मोबाइल एकच, अप्पांचा. लँडलाइन त्यांनी मोबाइल आल्याच्या दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज करून बंद करून टाकली होती. एका घराला दोन आवाज कशाला, हे कारण अर्जात लिहिलं होतं.

अप्पा भूमिअभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. म्हणजे दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले की अप्पा साखळी घेऊन जात, जमीन मोजत, हद्दीच्या खुणा रोवत, आणि मग त्या दोघांऐवजी सगळं गाव अप्पांशी भांडत असे. अठ्ठ्याण्णव साली भानुदासमामांच्या शेताची मोजणी निघाली. नात्यातलं प्रकरण आहे, दुसऱ्याला पाठवा, असं अप्पांनी साहेबांना लिहून दिलं. दुसरा मोजणीदार कावीळ होऊन पडला होता. अप्पांनाच जावं लागलं. मोजणीत मामांचे दोन गुंठे शेजाऱ्याचे निघाले. अप्पांनी ते शेजाऱ्याला दिले आणि संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले, "तुझ्या भावाचं थोडं कमी झालं." त्या दिवसापासून मामा आमच्याकडे आले नाहीत आणि अप्पा त्यांच्याकडे गेले नाहीत. आई एकटी भाऊबीजेला जाऊन यायची.

आता ताईचं लग्न रविवारी होतं.

"मुलीचे मामा, मुलीला घेऊन या, असं भटजी म्हणतील," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "तेव्हा कोण उठणार?"

"पत्रिका पाठवली आहे. रजिस्टर पोस्टाने. पोचपावती आली आहे."

"भावाला पत्रिका रजिस्टरने पाठवतात होय?"

"साधी गहाळ होते. आणि मामा नाहीच आला, तर पर्यायी व्यवस्था असते."

"मग पर्यायी मुलगीही बघून ठेवा," आई म्हणाली. "माझी मुलगी मामाशिवाय बोहल्यावर चढणार नाही."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मी माझी चालत जाईन की. बारा पावलं तर आहेत."

"तू गप बस," दोघंही एकदम म्हणाले. त्या आठवड्यात त्यांचं एकमत झालेला हा एकमेव मुद्दा.

गुरुवारी आणखी तीन आले. सगळे दोन रिंगांचे. आईने शेजारच्या देशमुखांकडून मामींना फोन केला आणि परत आली ती आणखीच गोंधळून.

"वहिनी म्हणते, ते लावतात. रोज लावतात. पण लावला की नुसतं ऐकतात आणि ठेवून देतात. काय ऐकलं विचारलं तर सांगत नाहीत. बहिणीला सांगण्यासारखं नाही म्हणतात."

"रिंग ऐकत असेल," अप्पा म्हणाले. "दुसरं काय ऐकणार?"

शुक्रवारी दुपारी मला मंडपवाल्याकडे पाठवलं. मंडपवाला म्हणजे माझा वर्गमित्र इरफान याचे वडील. ते शिडीवर होते. खुर्च्या दीडशे सांगितल्या आहेत की दोनशे, असं त्यांनी वरून विचारलं. मला माहीत नव्हतं.

"अप्पांना विचारून घे," म्हणत इरफानने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकला. मागे का सरकला ते मला तेव्हा कळलं नाही.

मी अप्पांचा नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा. घरात एकच मोबाइल असला की त्या मोबाइलवर घरातलं कुणी फोन करत नाही, हे साधं गणित आहे. कानात ढोलकी वाजली, मग हलगी, आणि मग एक बाई खणखणीत आवाजात गाऊ लागली.

कोण आलं दारी, बाई कोण आलं दारी,
फुकट्या आला गं, झाक भाकरी.

मी फोन कानापासून लांब धरून पाहिला. नंबर अप्पांचाच होता. पुन्हा कानाला लावला. बाई आता दुसऱ्या कडव्यात होती. फुकट्याने चपला काढल्या होत्या आणि पिठल्याचं पातेलं माळ्यावर गेलं होतं.

"हे काय आहे?" मी इरफानला विचारलं.

"तुझ्या वडिलांची हॅलो ट्यून."

"कधीपासून?"

"गणपतीपासून. तुला माहीत नव्हतं?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्या घरातला विषय आहे," इरफान म्हणाला.

आणि मग मला आठवलं. गणपतीत हे गाणं प्रत्येक मंडळात वाजत होतं आणि इरफानने ते हॅलो ट्यून म्हणून ठेवलं होतं. मी अप्पांच्या मोबाइलवरून त्याला फोन केला तेव्हा गाण्याच्या आधी एक बाई बोलली होती. 'हे गाणं आपली हॅलो ट्यून करण्यासाठी कृपया स्टार दाबा.' मी दाबला. का दाबला, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. ती बाई कृपया म्हणाली होती. आमच्या घरात मला कुणी कृपया म्हणत नसे.

इरफानने पुढच्याच आठवड्यात आपलं गाणं बदललं. अप्पांचं मात्र आठ महिने तसंच राहिलं, कारण ज्याची हॅलो ट्यून असते त्याला ती ऐकू येत नाही. आणि ज्यांना ऐकू येत होती, त्यांची अप्पांना सांगायची हिंमत नव्हती.

"लोकांना वाटतं तो इशारा आहे," शिडीवरून इरफानचे वडील म्हणाले. "मोजणीच्या आदल्या दिवशी लोक साहेबांना जेवायला बोलवायला फोन करायचे ना, ते बंद झाले. एवढा कडक माणूस तालुक्यात झाला नाही म्हणतात. खुर्च्यांचं काय?"

"दोनशे," मी म्हणालो. मला त्या क्षणी कुठलाही आकडा चालला असता.

इरफानचा मोबाइल खिशात घालून मी घरी गेलो. अप्पा अंगणात दोरीने मांडवाची लांबी मोजत होते. मंडपवाल्याने मोजलेलं त्यांना पटलं नव्हतं.

"अप्पा, एक सांगायचंय."

"लेखी की तोंडी?"

"तोंडी."

"मग बस."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. गाणं म्हणून दाखवलं नाही, नुसता मजकूर सांगितला. अप्पांनी दोरीची गुंडाळी करत शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आठ महिने," ते म्हणाले. "मार्चमध्ये प्रांतसाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, गोंजारी, तुमचं आवडलं आपल्याला. मी म्हटलं, आपली कृपा आहे."

त्यांनी दोरीला शेवटची गाठ मारली.

"भानुदासने हे ऐकलं?"

"आतापर्यंत सात वेळा."

"ऐकीव माहितीवर मी हद्द कायम करत नाही," अप्पा म्हणाले. "ऐकव."

इरफानच्या मोबाइलवरून मी नंबर लावला आणि तो अप्पांच्या डाव्या कानाला दिला. त्यांचा स्वतःचा मोबाइल त्यांच्या उजव्या हातात वाजू लागला. अंगणाच्या मधोमध माझे वडील दोन हातांत दोन मोबाइल घेऊन उभे होते, एका कानात फुकट्याचं गाणं आणि दुसरीकडे साधी ट्रिंगट्रिंग. पाचव्या रिंगेला सवयीने त्यांनी उजवा उचलला आणि म्हणाले, "हॅलो, गोंजारी बोलतोय." ते त्यांना डाव्या कानात ऐकू आलं. त्यांनी तो ठेवला.

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःला उचललं नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून, ओठ हलवत ऐकलं. मला वाटलं शिव्या देतायत. ते रिंगा मोजत होते.

"दोन रिंगांत 'फुकट्या आला गं' एवढंच येतं," ते म्हणाले. "तिथे तो ठेवतो. भाकरीपर्यंत पोचतच नाही."

मग ते आत गेले, टेबलाशी बसले, तीन कोरे कागद आणि दोन कार्बन घेतले आणि लिहायला लागले. आईने काय चाललंय म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पंधरा मिनिटांनी अप्पांनी कागद पाकिटात घातले, स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "बस मागे. तू आरोपी आहेस."

मामांचं गाव चौदा किलोमीटर. वाटेत अप्पा कुठेही थांबले नाहीत. फक्त मामांच्या शेताजवळ आल्यावर स्कूटर हळू झाली आणि त्यांनी एकदा बांधाकडे पाहिलं. खूण जागेवर होती.

मामा पडवीत दोरखंड वळत बसले होते. स्कूटर बघून त्यांनी हात थांबवला नाही.

"या," ते म्हणाले.

मामी दारात आल्या, पदर डोक्यावर घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. अप्पांनी मला पुढे ढकललं. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. स्टार दाबल्याच्या जागी पोचलो तेव्हा मामांनी दोरखंड खाली ठेवला.

"म्हंजी दाजी, तुमी न्हाई लावलं त्ये?"

"मला ते ऐकूच येत नाही भानुदास. ज्याचं त्याला ऐकू येत नाही, अशीच रचना आहे."

"असली कसली रचना?"

"खासगी कंपनी आहे," अप्पा म्हणाले.

मामांनी हे मान्य केल्यासारखी मान हलवली. "म्या म्हनलं, अकरा वर्सं पोटात ठेवल्यालं दाजी आता गान्यातनं सांगत्यात. लेकीच्या लग्नात फुकट्या येतुय, भाकरी झाका."

"मी तुला फुकट्या का म्हणेन?"

"त्योच तर इचार करतुया चार दीस. म्या तुमचं फुकट काय खाल्लं. उलटं..." मामा थांबले.

"उलट काय?"

"उलटं तुमीच माझं काय खाल्लं न्हाई."

मामी दारातून हलल्या नाहीत. मला वाटलं आता जमिनीचं निघणार.

"जिमिनीचं काय न्हाई वो," मामा म्हणाले. "बांध आमच्या बानं सरकवला व्हता. मला ठावं व्हतं, शेजाऱ्याला ठावं व्हतं. मोजनी बराबर झाली. पर त्या दिशी हिनं च्या केला व्हता. भजी तळली व्हती, बहिनीचा मालक येनार म्हनून. तुमी बांधावर हुबं ऱ्हाऊन आपल्या बाटलीतलं पानी प्यालासा. संगं आल्याल्या शिपायाला बी घिऊ दिलं न्हाई. समदं गाव बगत व्हतं. तवापास्नं लोक म्हनत्यात, भान्याच्या घरचं पानी त्याच्या दाजीला चालत न्हाई."

"मोजणीच्या दिवशी पक्षकाराकडचं काही घेता येत नाही," अप्पा म्हणाले. "नियम आहे."

"मोजनी कवा संपली?"

"मार्चमध्ये. अठ्ठ्याण्णवच्या."

"मग एप्रिलात यायचं व्हतं."

अप्पांकडे प्रत्येक गोष्टीला एक कलम असायचं. याला नव्हतं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि मामांपुढे धरलं. मामांना वाचायला वेळ लागत होता, म्हणून मीही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. मला वाटत होतं गाण्याबद्दल असेल. अप्पांच्या मोजणीच्या नकाशासारख्या सरळ अक्षरात वर लिहिलं होतं: 'विषय: आपल्या घरचा चहा न घेतल्याबाबत.' खाली कुठेही गाण्याचा उल्लेख नव्हता.

म्हणजे त्यांना माहीत होतं. घरी बसून, मामांनी तोंड उघडायच्या आधी त्यांनी ते लिहिलं होतं. अकरा वर्षं माहीत होतं.

मामांनी पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "आनि दोन हाईत ना? कार्बनचं?"

"एक तुझ्यासाठी, एक दप्तरी, एक..."

"तिनी द्या."

अप्पांनी तिन्ही दिल्या. मामा उठले, आत गेले, आणि चुलीपाशी वाकून तिन्ही प्रती जाळात सारल्या. बाहेर येऊन ते मामींना म्हणाले, "च्या ठेव." मग माझ्याकडे वळले.

"आमचं दाजी कुनाची माफी मागत न्हाईत. आसं काय झालंच न्हाई. तू काय बगितलंस?"

"काही नाही."

"शाना हाईस."

चहा त्याच जाळावर झाला. अप्पांनी पहिला कप हातात घेतला, क्षणभर धरून ठेवला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "प्रकरण निकाली निघालं आहे. आता घेता येईल." असे त्यांनी तीन कप घेतले. माझे वडील घरी अर्धा कप घेतात.

मामी चहा गाळताना काहीतरी गुणगुणत होत्या. मी कान दिला. फुकट्याचं दुसरं कडवं होतं, चपला काढतो ते.

"तुम्हाला पूर्ण येतं?" मी विचारलं.

"शेजारच्या पोराच्या मोबाइलात हाय. तीन बारी तर फोन म्याच लावाय सांगितला ह्यांस्नी," मामी म्हणाल्या. "म्हनलं, ठिवू नगा, पुढं आयकू द्या. पर ह्ये ऐकत्यात व्हय."

रविवारी भटजी म्हणाले, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. मामा नवा फेटा बांधून उठले आणि ताईला घेऊन आले. बारा पावलं होती, मामांनी त्याला चांगली पाच मिनिटं लावली. मध्येच थांबून ते मंडपातल्या लोकांकडे बघत होते, सगळ्यांना दिसतंय ना म्हणून. आई रडत होती आणि दोनशेपैकी पन्नास खुर्च्या रिकाम्या होत्या, ज्याचा खुलासा मला नंतर लेखी द्यावा लागला.

सोमवारी अप्पांनी मला समोर बसवून कंपनीच्या केंद्रात फोन लावायला सांगितला आणि हॅलो ट्यून बंद करवली. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी मामांचा फोन आला. अप्पांनी पाचव्या रिंगेला उचलला.

"दाजी, गानं कुटं गेलं?"

"काढून टाकलं."

"का?"

"तुला वाईट वाटलं होतं ना?"

"त्ये तवा. आता नुसती ट्रिंगट्रिंग वाजती. परक्याच्या घरी फोन लावल्यावानी वाटतं."

अप्पांनी मला पुन्हा फोन करायला लावला. ते गाणं यादीतून गेलं होतं. गणपती संपले की गाण्यांचीही विसर्जनं होतात. मग अप्पांनी कंपनीला अर्ज केला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं. दरम्यान ती कंपनी दुसरीत विलीन झाली, दुसरी तिसरीत, आणि तिसरी एके दिवशी बंदच पडली. नंबर तोच ठेवून अप्पा चौथ्या कंपनीत आले. आता सगळ्यांकडे मोठे फोन आहेत. हवं ते गाणं मिनिटभरात मिळतं. मी ते शोधून अप्पांच्या फोनमध्ये घालून दिलं, पण तिथे ते अप्पांना ऐकू येतं, मामांना नाही. उपयोग काय? मामा हल्ली व्हिडिओ कॉल करतात. त्यात त्यांचा फक्त कान दिसतो, कारण ते फोन कानाला लावतात. अप्पा त्या कानाशी अर्धा अर्धा तास बोलत बसतात.

अप्पा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. दरवर्षी मे महिन्यात ते तोच अर्ज नव्याने लिहितात, मूळ कंपनीच्या मूळ पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने. पाकीट परत येतं. यंदाचा मजकूर असा:

प्रति,
मा. व्यवस्थापक, हॅलो ट्यून विभाग.

विषय: बंद केलेले गाणे एकाच इसमापुरते पूर्ववत सुरू करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी यापूर्वी पंधरा अर्ज सादर केले आहेत. अर्जदाराच्या क्रमांकावर पूर्वी वाजत असलेले 'कोण आलं दारी' हे गाणे अर्जदाराच्या विनंतीवरूनच बंद करण्यात आले. सदर विनंती करण्यात अर्जदाराची चूक झाली. तरी अर्जदाराचे मेव्हणे श्री. भानुदास रामहरी खाडे हे फोन लावतील तेव्हा, व फक्त तेव्हाच, सदर गाणे वाजविण्याची व्यवस्था व्हावी. अर्जदार भाकरीचा उल्लेख पूर्ण होईपर्यंत फोन उचलणार नाही, अशी हमी याद्वारे देत आहे. श्री. खाडे यांना अलीकडे कमी ऐकू येते, सबब आवाज वाढवून मिळावा, ही विनंती.